करड्या बटणाशी अबोला

कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या बटणाशी दोन दिवस अबोला धरणारा माणूस उभ्या भोर-वेल्ह्यात एकच सापडेल, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, म्हणजे माझे थोरले साडू. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि लग्नाला पंधरा वर्षं उलटली तरी ते मला 'पाव्हणं'च म्हणतात. दाजींची सगळी नोकरी वेल्ह्याच्या डोंगरात, गुरांच्या दवाखान्यात गेली. सरकारी कागदावर ते पशुधन पर्यवेक्षक होते. वाड्यावस्त्यांवर त्यांना सगळे 'डाक्टर'च म्हणत, आणि तेही ते कधी दुरुस्त करत नसत. निवृत्तीला चारेक वर्षं राहिली असताना भोरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना प्रोग्रॅमिंगचं एक इंग्रजी पुस्तक दिसलं. उशाला घेतलं तर मान धरेल एवढं ते जाड होतं. दाजींनी ते घरी आणलं, शेजारी डिक्शनरी ठेवली आणि पोथी वाचावी तसं रोज आंघोळीनंतर दोन पानं, अशा चालीनं दीड वर्षात संपवलं. मी पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅमच्या खिडक्या, चौकटी, बटणं बनवायचं काम करतो. त्या विद्येसाठी माझ्या वडिलांनी मला चार वर्षं कॉलेजात घातलं होतं. दाजींनी ती रद्दीच्या भावात मिळवली, हे मला तेव्हा जरा लागलंच.

त्यांना हवा होता जनावरांच्या नोंदीचा प्रोग्रॅम. कारण असं, की एका साली त्यांच्या हाताखालच्या मदतनिसानं वहीतले नंबर वाचून एका वाड्यावरच्या चार गाईंना दोनदोनदा लस टोचली आणि चार तशाच सोडल्या. कानातले बिल्ले झुडपात अडकून पडलेले, त्यामुळे कोणती कुठली हे त्याला समजलं नाही. दाजींनी त्या दिवसापासून नंबरावरचा विश्वास सोडला. "बिल्ला पडतो, पाव्हणं," ते म्हणायचे. "कातडं पडतं व्हय?" डोंगरातली माणसं आपलं जनावर कातड्याच्या रंगावरून ओळखतात, अक्षर येत नसलं तरी शंभर पावलांवरून तांबडी कुणाची आणि ढवळी कुणाची हे सांगतात. तेव्हा दाजींनी ठरवलं, की आपल्या प्रोग्रॅममध्ये जनावर उघडलं की ते पान त्या जनावराच्या रंगाचं झालं पाहिजे. आणि नियम केला, की मालकानं पडदा पाहून 'हे माझंच' म्हणून मान डोलावल्याशिवाय कुणी सुई काढायची नाही. हा नियम त्यांनी वाड्यावाड्यावर जाऊन बायाबाप्यांकडून घोकून घेतला. "मी जरी आलो तरी लावू देऊ नगा," असं ते बजावत.

आता तांबडी म्हणजे तांबडा रंग लावला आणि झालं, असं तुम्हाआम्हाला वाटतं. दाजींना तसं वाटत नसे. तांबडी वेगळी, पोवळ्याच्या छटेची पवळी वेगळी, आणि कपिलीला जो पिंगट रंग असतो तो सकाळी एक आणि उन्हं कलल्यावर दुसरा असतो, तेव्हा त्यातला कुठला घ्यायचा यावर ते महिनामहिना घालवत. प्रत्येक जनावराच्या शेपटीचे चार केस कातरून ते वहीत चिकटवून आणत, आणि घरी वही पडद्याला भिडवून रंगाचे आकडे एकेक करून कमीजास्त करत बसत. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, सांगते की त्या दिवसांत तिला घरात कुठेही केस सापडे; एकदा तर विरजणात सापडला आणि दाजींनी तो पुसून, उजेडात धरून, "ही तर वरच्या वाड्याची पवळी," म्हणून ओळखलाही. कामथडीला माझ्या धाकट्या मेहुण्याच्या लग्नात सगळे आहेर बघत असताना हे माझ्या खांद्यावरच्या शालीकडे एकटक पाहत उभे. मला वाटलं, शाल आवडली. तर हळूच जवळ येऊन म्हणाले, "पाव्हणं, पानशेतच्या अंगाला ह्या रंगाचं एक खोंड व्हतं. लई गुणाचं." शालीचे दोन दोरे मला तिथेच द्यावे लागले.

पण खरी लढाई पुढेच होती. पडद्यावरची बटणं, लिहायच्या चौकटी या गोष्टी बहुतेक वेळा प्रोग्रॅम स्वतः काढत नाही. खालची सिस्टीम काढून देते. यांना आम्ही नेटिव्ह कंट्रोल म्हणतो. प्रोग्रॅमनं फक्त विनंती करायची, की बाई, तुझी पार्श्वभूमी तांबडी असू दे. काही कंट्रोल ऐकतात, काही अर्धंमुर्धं ऐकतात, आणि बटण तर बहुतेक ऐकतच नाही. दाजींनी 'नोंद करा' या बटणाला तांबडा रंग सांगितला, तर बटण करडंच्या करडं राहिलं आणि त्याच्या कडेनं केसभर तांबडी किनार उमटली. दाजींनी पुन्हा सांगितलं. पुस्तकात पाहून सांगितलं. शेवटी तोंडानंही सांगितलं, असं अक्का म्हणते. मग लॅपटॉपवर पंचा टाकला आणि दोन दिवस त्या खोलीत पाय ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी मला फोन आला. मी मोठ्या ऐटीत नेटिव्ह कंट्रोलचं सगळं शास्त्र समजावून दिलं. दाजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी भाड्याचा बैल हाय म्हना की. औताला चालंल, पर आपलं नाव घेटलं तर वळून बगनार न्हाई." इतकं नेमकं वर्णन आमच्या कंपनीत आजवर कुणी केलेलं नाही. पुढे मी ते माझं म्हणून दोनदा मीटिंगमध्ये वापरलं.

एकदा उलटंच झालं. नाव, वय, मालक असली जी लेबलं असतात, त्यांना स्वतःचा रंग असतो. पानाला वेगळा रंग दिला की ती खाली करडी चौकोनी ठिगळं धरून बसतात. हा दोष आमच्या धंद्यात जुना आणि बदनाम आहे. भोरला गेलो असताना दाजींच्या प्रोग्रॅममध्ये मला अशी ठिगळं एका पानावर दिसली, आणि घरातल्या माणसाचं काम म्हणून मी चहा होईपर्यंत ती काढून टाकली. दाजींनी येऊन पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरला. ती काबरी गाय होती, पांढऱ्यावर करडे डाग असलेली. बाकी सगळ्या पानांवरची ठिगळं त्यांनी स्वतःच केव्हाच काढली होती. काबरीची मात्र मुद्दाम ठेवली होती आणि लेबलं इकडेतिकडे सरकवून डाग बरोबर पाठीवर आणि मानेवर आणले होते. "जन्मात एकदा सिस्टीमनं आपल्या मनासारखं केलं व्हतं," एवढंच ते म्हणाले. मी ठिगळं परत घातली, पण मानेवरचा डाग पूर्वीसारखा बसला नाही असं त्यांचं कायमचं म्हणणं राहिलं.

काळ्या जनावरांचं मात्र त्यांना जमत नव्हतं. काळ्या पानावर काळी अक्षरं दिसणार कशी? म्हणून त्यांनी म्हशींना फिकट करडा रंग दिला, आणि म्हशीच्या मालकाला पडदा दाखवताना ते ओशाळे होऊन, "जरा उनाला जास्त बसलीय असं समजा," म्हणत. मी या गोष्टीवर घरी, ऑफिसात, जिथे बसेन तिथे लोकांना हसवत असे. अक्षरांनाही रंग सांगता येतो, पार्श्वभूमीचा रंग आपण ठरवला तर अक्षराचाही आपणच ठरवायचा, हा या धंद्यातला पहिला धडा आहे. पुस्तकातलं ते प्रकरण दाजींच्या प्रतीत नव्हतं. रद्दीत पानं गेली होती. त्यांना ते सांगणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि मी हसण्यात दंग होतो.

एकदाच मी त्यांच्याबरोबर वर गेलो. नसरापूरहून वेल्ह्याची एसटी, पुढे मिळेल तो टेम्पो आणि मग दोन तास चढ. निवृत्त झाल्यावरही दाजी दवाखान्यातल्या नव्या माणसाला वाट दाखवायला म्हणून जात. लसीचा डबा त्याच्या खांद्यावर आणि लॅपटॉप खताच्या धुतलेल्या पिशवीत दाजींच्या पाठीवर. वर धनगरवाड्यावर एक म्हातारी होती. दाजी तिला मावशी म्हणत. तिची अकरा गुरं होती, आणि दाजींच्या ओळखीशिवाय कुणालाही ती गोठ्याजवळ फिरकू देत नसे. दाजींनी मांडीवर लॅपटॉप उघडला, ती पदरानं डोळे पुसून शेजारी येऊन बसली. पान तांबडं झालं. "व्हय, माजीच," ती म्हणाली आणि मान डोलावली, की नवा माणूस त्या गाईकडे जाई. कपिलीचं पान उघडलं तेव्हा मात्र तिनं नुसता पडद्यावरून हात फिरवला. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की आमच्या कंपनीच्या साहेबाला कुठल्याही बक्षीस समारंभात तसं पाहता आलेलं नाही. माझ्या आयुष्यात मी इतक्या खिडक्या बनवल्या, पण त्यांतल्या एकीवरूनही कुणी असा हात फिरवल्याचं मला ठाऊक नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीनं त्यांना नवा लॅपटॉप घेऊन दिला आणि जुना दुकानदाराला देऊन टाकला. नव्यावर प्रोग्रॅम चालला, पण दाजींचा फोन आला, "पाव्हणं, समदी अक्षरं गेली." मला ऐकताक्षणी कळलं. नव्या लॅपटॉपला काळी थीम होती. त्या थीममध्ये सिस्टीम अक्षरं पांढरी करते. दाजींनी पानाचा रंग स्वतः ठरवलेला, अक्षरांचा सिस्टीमवर सोडलेला; तेव्हा फिकट पानावर पांढरी अक्षरं दिसेनाशी झाली. दहा मिनिटांचं काम होतं. मी म्हणालो, "येतो रविवारी." तो रविवार गेला, पुढचाही गेला. दाजी तगादा लावणाऱ्यांतले नव्हेत. पंधरा दिवसांनी फोन करत आणि आधी मुलांच्या शाळेचं विचारून मग हळूच, "ते अक्षरांचं बगायचं व्हतं जरा," म्हणत. असे तीन महिने गेले.

मे महिन्यात एका दुपारी मी मीटिंगच्या दारात असताना त्यांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी घटसर्पाची लस घेऊन वर जायचं होतं. हा रोग पावसाळ्यात येतो, जनावराचा गळा सुजतो आणि दोन दिवसांत खेळ संपतो. म्हणून लस पावसाआधीच द्यावी लागते. दाजी म्हणाले, "अक्षरं दिसल्याबिगर नोंद कशी करू? आता तुमीच सांगा." काळी थीम बंद करा, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. अक्षरांसाठी एक ओळ वाढवा, म्हटलं असतं तर उत्तमच. पण मला आत बोलावत होते आणि तोंडात आलं ते सगळ्यात आखूड वाक्य मी बोललो, "दाजी, तुमचे ते रंग काढूनच टाका. सगळं सिस्टीमवर सोडा. हल्ली तसंच करतात." मग ते म्हणाले, "तुमी शिकल्याली मानसं. म्हंता तर काढतो."

पुढचं मला चार महिन्यांनी, गणपती उठल्यावर भोरला गेलो तेव्हा अक्कानं सांगितलं. दाजींनी बसून एकेका जनावराचा रंग पुसला. सकाळी वर गेले, लॅपटॉप उघडला. मावशी शेजारी येऊन बसली. पहिलं पान गडद करडं, दुसरं करडं, अकराच्या अकरा करडी. अक्षरं मात्र स्वच्छ दिसत होती. पण ती तिला वाचता येत नव्हती. तिनं दाजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "डाक्टर, ह्यात माजं एक बी न्हाई. ही कुनाची दुसऱ्याची गुरं हायती. माज्यांस्नी सुई लावू नगा." नव्या माणसानं समजावलं, तर ती त्याच्यावर उखडली. दाजींनी समजावलं, तेव्हा तिनं त्यांचाच नियम त्यांना ऐकवला: "तुमीच न्हाई का म्हनालात, मी जरी आलो तरी लावू देऊ नगा?" "रंग घालून येतो," म्हणून दाजी उतरले. उतरताना गुडघा दुखावला, तो ऑपरेशनपर्यंत गेला, आणि तोवर पावसानं वरची वाट बंद केली. अक्का म्हणाली, "तुमाला सांगायचं न्हाई असं बजावलं व्हतं मला. म्हनं, पाव्हण्यांना वाईट वाटंल."

दाजी आत पलंगावर पाय लांब करून बसले होते. मला पाहून हसले, प्रोग्रॅम उघडून दाखवला. "आता समदं दिसतंय बगा. साफ." सगळी पानं एकसारखी करडी, आमच्या कंपनीत चालली असती अशी. मी तिथेच बसकण मारली आणि त्यांच्या वहीतले आकडे पाहून सगळे रंग परत घातले, अक्षरांना वेगळा रंग दिला, आणि पहिल्यांदाच म्हशी काळ्या केल्या, वर पांढरी अक्षरं. दाजी बराच वेळ म्हशीकडे बघत राहिले. "हे असं बी व्हतं व्हय?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल तक्रार शोधून मला सापडली नाही. तक्रार असती तर बरं झालं असतं.

त्यांना चढ बंद, म्हणून पुढच्या रविवारी मी एकटाच वर गेलो. नव्या माणसाला बरोबर घेतलं होतं. मावशीनं आधी माझ्यामागे पाहिलं, मग विचारलं, "डाक्टर न्हाई आलं?" मी गुडघ्याचं सांगितलं. लॅपटॉप उघडला. तिनं एकेक पान पाहून मान डोलावली, आणि गोठ्यात एकेका गुराला लस मिळत गेली. कपिलीचं पान आलं. तिनं पडद्याला हात लावला आणि तसाच ठेवला. "रंग बराब्बर हाय," ती म्हणाली. "पर ही ऱ्हायली न्हाई आता. सरावनात गळा सुजला. दुसरी दोन वाचली, ही न्हाई वाचली." मग म्हणाली, "म्याच सुई लावू दिली न्हाई. माजीच चूक." मी म्हणालो, "मावशी, चूक तुमची नाही, माझी आहे." तिला ते पाहुण्याचं चांगुलपण वाटलं असावं. तिनं आत जाऊन माझ्यासाठी ताक आणलं. निघताना म्हणाली, "डाक्टरला सांगू नगा. त्येंचा लई जीव व्हता तिच्यावर."

परतताना उतारभर मी ठरवत होतो, की सांगायचंच. संध्याकाळी भोरला पोचलो तेव्हा दाजी दारातच खुर्ची टाकून बसले होते. लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांनी एकेक पान उघडलं आणि एकेकीची चौकशी केली. तांबडी कशी आहे, ढवळीचा पाय बरा झाला का, काबरी व्याली का. मी ठीक, ठीक म्हणत गेलो. कपिलीचं पान उघडलं तेव्हा ते थांबले. "हिची कशी काय तब्येत?" मी म्हणालो, "मजेत आहे." त्यांनी मोठा श्वास सोडला. "पावसाळाभर जीव टांगनीला व्हता, पाव्हणं. सुई चुकली व्हती न्हवं? बरं झालं. तुमी गेलात म्हनून झालं." मग लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाले, "बगा आता. अक्षरं बी दिसत्यात आन् कपिली बी दिसतीया. कशी दिसतीया?"

"छान दिसतेय, दाजी," मी म्हणालो.

येत्या मे महिन्यात गुडघा साथ देईल असं डॉक्टर म्हणालेत, आणि दाजींनी आमचं दोघांचं वर जायचं ठरवून टाकलंय. त्याआधी त्यांना सांगायला हवं. त्यासाठी म्हणून मी आजवर तीन रविवार भोरला जाऊन आलो, आणि तिन्ही वेळा जेवून परत आलो.